अटलांटाचा ओझोन आणि हिशेबात न धरलेली झाडं

अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याने शहरांना जमिनीलगतच्या हवेतला घातक ओझोन आटोक्यात आणण्यासाठी आधी १९८२ची आणि मग वाढवून १९८७ अखेरची मुदत दिली होती. मर्यादा होती तासाच्या सरासरीला १२० पीपीबी, म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमागे ओझोनचे १२० रेणू. मुदत संपली तेव्हा जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा या मर्यादेत बसत नव्हती. आणि हात बांधून कुणी बसलं होतं असंही नाही. मोटारींना धूर स्वच्छ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले होते, पेट्रोलच्या वाफा अडवल्या जात होत्या, रंग आणि सॉल्व्हंट वापरणाऱ्या कारखान्यांवर बंधनं आली होती. माणसाने हवेत सोडलेले हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची पेट्रोलच्या वाफांसारखी संयुगं, निदान कागदोपत्री तरी घटत होते. उन्हाळा आला की ओझोन मात्र पुन्हा मर्यादा ओलांडत होता.

अटलांटा हे झाडीत वसलेलं शहर आहे. वस्त्यांमध्ये आणि घरांच्या मागच्या अंगणांत ओक, स्वीटगम, हिकरी, पाइन. शहर संपलं की पुढे मैलोन् मैल तेच जंगल. ओझोन कमी करण्याची योजना आखताना या झाडांचा वाटा जवळजवळ शून्य धरलेला होता. तो शून्य का धरला गेला, तो चुकीचा आहे हे कसं लक्षात आलं आणि त्यानंतर काय बदललं, हे या प्रकरणात पाहायचं आहे. हवेच्या प्रदूषणाच्या इतिहासात मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं, कारण इथे कुणी लबाडी केली नव्हती. माणसं प्रामाणिकपणे काम करत होती, मोजमापं काळजीने घेत होती, आणि तरीही अनेक वर्षांची मेहनत चुकीच्या जागी खर्च होत होती.

ओझोनचं रसायन, गरजेपुरतं

जमिनीलगतचा ओझोन कुठल्याही धुराड्यातून बाहेर पडत नाही, तो हवेतच तयार होतो. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतले आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा माग काढताना दाखवून दिलं की हायड्रोकार्बन, नायट्रोजन ऑक्साइडं आणि ऊन एकत्र आले की ओझोन बनतो.

आधी हायड्रोकार्बन बाजूला ठेवू. उन्हाने नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटतो. सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून ओझोन होतो आणि मागे नायट्रिक ऑक्साइड उरतो. हा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला गाठून संपवतो आणि स्वतः पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड होतो. एवढंच चालू राहिलं तर जेवढा ओझोन तयार होतो तेवढा मोडतो, शिल्लक फारशी पडत नाही.

हायड्रोकार्बन आले की हा तोल ढळतो. हवेतलं हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा अतिशय क्रियाशील तुकडा, हायड्रोकार्बनच्या रेणूवर हल्ला करतं, त्यातून पेरॉक्सी मूलकं तयार होतात, आणि नायट्रिक ऑक्साइडला पुन्हा नायट्रोजन डायऑक्साइड करण्याचं काम ती करून टाकतात. ओझोन खर्ची पडायचा तो वाचतो आणि साठत जातो. नायट्रोजन ऑक्साइडं या चक्रात फिरत राहतात. एकच रेणू नायट्रिक आम्ल होऊन बाहेर पडण्याआधी ओझोनचे अनेक रेणू घडवून जातो.

आता नियंत्रण कशावर आणायचं? दोन टोकांच्या परिस्थिती असतात. हवेत नायट्रोजन ऑक्साइडं भरपूर आणि हायड्रोकार्बन मोजके असतील, तर हायड्रोकार्बन कमी केले की ओझोन कमी होतो. अशा हवेत नायट्रोजन ऑक्साइडं थोडी घटवली तर ओझोन उलट वाढूही शकतो, कारण हायड्रॉक्सिल गिळणारा आणि ओझोन मोडणारा घटकच कमी होतो. लॉस एंजेलिसमध्ये शनिवार-रविवारी ट्रकची वर्दळ घटल्यावर ओझोन वाढलेला दिसायचा तो यामुळेच. दुसऱ्या टोकाला हायड्रोकार्बन मुबलक आणि नायट्रोजन ऑक्साइडं मोजकी असतात. रांगेत माणसं कितीही असली तरी जेवढ्या तिकीटखिडक्या उघड्या तेवढीच तिकिटं सुटतात. रांग थोडी लहान केल्याने तिकिटांची संख्या बदलत नाही. इथे नायट्रोजन ऑक्साइडं म्हणजे त्या खिडक्या. अटलांटा पहिल्या टोकाचं शहर आहे असं धरून योजना आखली गेली होती.

झाडं हवेत काय सोडतात

वनस्पती हवेत शेकडो प्रकारची बाष्पनशील सेंद्रिय संयुगं सोडतात. ठेचलेल्या पानाचा किंवा पाइनच्या जंगलाचा वास म्हणजे हीच संयुगं. पण ज्याचा वाटा सर्वांत मोठा, त्या आयसोप्रीनचा वास जंगलात जाणवत नाही. कार्बनचे ५ आणि हायड्रोजनचे ८ अणू असलेला हा छोटा रेणू ३४ अंश सेल्सियसला उकळतो, म्हणजे उन्हात तापलेल्या पानात तयार झाला की लागलीच बाहेर पडतो. जगभरातल्या वनस्पती वर्षाला सुमारे ५० कोटी टन किंवा त्याहून अधिक आयसोप्रीन सोडतात असा अंदाज आहे. वनस्पतींच्या एकूण बाष्पनशील उत्सर्जनातला हा साधारण निम्मा हिस्सा.

झाडं आयसोप्रीन सोडतात हे सोव्हिएत जॉर्जियातले गिवी सानाद्झे यांनी १९५७ मध्ये नोंदवलं. अमेरिकेत राइनहोल्ड रासमुसेन यांनी १९६०च्या दशकात स्वतंत्रपणे तेच शोधलं. त्याआधी, १९६० मध्ये, फ्रिट्स वेंट यांनी मांडलं होतं की डोंगररांगांवर उन्हाळ्यात दिसणारं निळसर धुकं वनस्पतींतून निघालेल्या वाफांपासून बनत असावं. म्हणजे अटलांटाची योजना आखली जात होती तेव्हा हे ज्ञान नवं नव्हतं. ते वनस्पतिशास्त्राच्या आणि वातावरण-रसायनाच्या कपाटात पडून होतं, शहराच्या नियोजनापर्यंत आलेलं नव्हतं.

ओक आणि पाइन यांच्यातला फरक इथे नीट पाहायला हवा, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्यातून येते. पाइन मुख्यतः मोनोटर्पीन, म्हणजे राळेला वास देणारी संयुगं, सोडतो. ती राळेच्या नलिकांत साठवलेली असतात आणि तापमानाप्रमाणे रात्रंदिवस झिरपत राहतात. ओक आयसोप्रीन साठवत नाही. ते हरितलवकात, प्रकाशसंश्लेषणातून नुकत्याच आलेल्या कार्बनपासून बनतं आणि त्याच घटकेला पानाबाहेर जातं. त्यामुळे त्याचं उत्सर्जन उजेड आणि उष्णता दोन्हींवर चालतं. रात्री शून्य. सकाळी थोडं. भर दुपारी, पानावर ऊन पडलेलं आणि पारा चढलेला असताना सर्वाधिक. अ‍ॅलेक्स ग्युंथर आणि सहकाऱ्यांनी बसवलेल्या, आजही वापरात असलेल्या सूत्राप्रमाणे पानाचं तापमान २० वरून ३० अंशांवर गेलं की आयसोप्रीन साधारण साडेतीन पट होतं, आणि ३० वरून ३५ वर गेलं की आणखी दीडपट. चाळिशीच्या आसपास ते शिखर गाठतं आणि मग पानाची यंत्रणाच थकते.

झाड हा खर्च का करतं? ३० अंशांच्या आसपास ओकचं पान प्रकाशसंश्लेषणात बांधलेल्या कार्बनपैकी सुमारे २ टक्के आयसोप्रीन म्हणून सोडून देतं, आणि जास्त उष्णतेत हे प्रमाण बरंच वाढतं. थॉमस शार्की यांनी १९९०च्या दशकात मांडलं की पानावर ऊन-सावलीचा खेळ चालू असताना तापमान काही सेकंदांत अनेक अंशांनी वरखाली होतं, आणि अशा अचानक तापण्यापासून आयसोप्रीन पानाचं रक्षण करतं. ओक हे करतो, मेपल जवळजवळ करत नाही, आणि दोघंही एकाच जंगलात सुखाने उभे असतात. मला हा या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो, पण अटलांटाच्या अधिकाऱ्यांना त्याचं उत्तर नको होतं. त्यांना हवा होता आकडा.

सकाळी सहा ते नऊ

त्या काळी अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, शहरांना ओझोनचं गणित मांडण्यासाठी एक सोपी पद्धत देत असे. तिचं लघुनाव एक्मा. शहरावरच्या हवेचा एक पेटारा कल्पायचा, त्यात सकाळची हवा भरायची, दिवसभर ऊन द्यायचं आणि ओझोन किती बनतो ते काढायचं. मग हायड्रोकार्बन किती टक्के कमी केले तर ओझोन १२०च्या खाली येईल ते वाचायचं. हे गणित जवळजवळ पूर्णपणे एका संख्येवर टेकलेलं होतं: हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडं यांचं सकाळचं गुणोत्तर. हे गुणोत्तर १० किंवा त्याखाली असेल तर हायड्रोकार्बनवर नियंत्रण फायद्याचं, २० किंवा त्यावर असेल तर नायट्रोजन ऑक्साइडांवर, असा ढोबळ नियम. हवेचे नमुने घ्यायची वेळ होती सकाळी ६ ते ९.

वेळ अशी निवडण्यामागे तर्क होता. तेव्हा रस्ते भरलेले असतात, रात्रीची हवा अजून जमिनीलगत कोंडलेली असते, आणि दिवसभर शिजणारा कच्चा माल त्या तीन तासांत हवेत जमा होतो. मोटारींच्या बाबतीत हे सगळं खरं आहे.

ओकच्या बाबतीत काहीच खरं नाही. सकाळी सात वाजता ऊन तिरकं, पानं गार, आयसोप्रीन नगण्य. रात्री ते तयारच झालेलं नसतं, त्यामुळे आदल्या रात्रीचा साठाही नाही. नमुन्याच्या डब्यात ते दिसलं नाही, तर दोष डब्याचा नव्हता. त्यानंतर नऊ वाजल्यापासून संध्याकाळपर्यंत, ओझोन बनण्याच्या ऐन वेळात, शहरातलं प्रत्येक ओकचं झाड पेटाऱ्यात नवा माल ओतत राहणार होतं, आणि गणितात त्याला जागाच नव्हती.

दुसरी गोम आयसोप्रीनच्या स्वभावात आहे. ते हायड्रॉक्सिलशी ब्यूटेनपेक्षा सुमारे ४० पट वेगाने अभिक्रिया करतं. उन्हाळ्यातल्या दुपारी त्याचं हवेतलं आयुष्य तासाभराचं, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे दुपारी नमुना घेतला तरी हवेत ते थोडंच सापडतं, आणि कार्बनच्या हिशेबाने मोटारींच्या हायड्रोकार्बनपुढे किरकोळ वाटतं. ‘झाडांचा वाटा क्षुल्लक आहे’ असं म्हणणाऱ्यांचा मुख्य पुरावा हाच होता. पण हवेत कमी सापडणं म्हणजे कमी सोडलं जाणं नव्हे. जे येताक्षणी खर्च होतं ते शिल्लकीत दिसत नाही; ओझोनच्या दृष्टीने मात्र तो खर्चच मोजायचा असतो. ब्यूटेनचा रेणू शहरावरून वाहत दूर निघून जातो आणि पुढे कधीतरी विरतो. आयसोप्रीनचा रेणू जिथे सुटला तिथेच, त्याच दुपारी, आपला ओझोन घडवून मोकळा होतो.

१९८८

जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले विल्यम चमायडिस आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सप्टेंबर १९८८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अटलांटाचा हिशेब नव्याने मांडला. त्यांनी केलेली गोष्ट ऐकायला साधी आहे. शहर आणि परिसरातल्या झाडांचं आच्छादन घेतलं, प्रत्येक प्रकारच्या झाडांच्या उत्सर्जनाचे तेव्हा उपलब्ध असलेले आकडे लावले, आणि हे उत्सर्जन दिवसभर पेटाऱ्यात पडत राहील अशी सोय त्या गणितात केली. निष्कर्ष असा की झाडांचे हायड्रोकार्बन शहराच्या ओझोनवर लक्षणीय परिणाम करतात, आणि त्यांना वगळणाऱ्या आधीच्या अभ्यासांनी मानवी हायड्रोकार्बन घटवण्याचा फायदा फुगवून सांगितलेला असू शकतो. झाडं धरली की हायड्रोकार्बन बरेच जास्त कापावे लागतात, इतके की त्या वाटेने मर्यादा गाठणं व्यवहारात जवळपास अशक्य होऊन बसतं.

हा विचार एकाकी नव्हता. आदल्याच वर्षी मायकेल ट्रेनर आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या ग्रामीण भागातली निरीक्षणं घेऊन दाखवलं होतं की तिथल्या ओझोनचं गणित नैसर्गिक हायड्रोकार्बन धरल्याशिवाय जुळत नाही. चमायडिस यांनी तोच प्रश्न भर शहरात आणला, आणि त्यामुळे तो थेट धोरणाचा प्रश्न झाला. १९८८चा उन्हाळा अमेरिकेत कडक तापलेला आणि कोरडा होता. पूर्वेकडच्या शहरांत ओझोन चढा होता. लेख वाचला जाण्यासाठी वेळ योग्य होती.

तरीही तो सहज पचला नाही, आणि त्याचं एक कारण विज्ञानाबाहेरचं होतं. १९८०च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी रोनाल्ड रेगन यांनी हवेच्या प्रदूषणाचं मोठं खापर वनस्पतींवर फोडलं होतं. त्याची देशभर टिंगल झाली, आणि ती योग्यच होती, कारण त्या विधानाचा रोख मोटारी आणि कारखान्यांवरची बंधनं ढिली करण्याकडे होता. पण या टिंगलीची एक बाजू फारशी बोलली जात नाही. झाडांच्या उत्सर्जनाचा विषयच संशयास्पद होऊन गेला. तो काढणारा माणूस उद्योगांची वकिली करतोय असं वाटू लागलं. रेगन यांचं वाक्य आणि चमायडिस यांचा निष्कर्ष वरवर शेजारी बसतात, प्रत्यक्षात एकमेकांच्या विरोधात आहेत. पहिल्याचा अर्थ होता, माणसाने काही करायची गरज नाही. दुसऱ्याचा अर्थ असा की माणसाने कठोर नियंत्रण आणायलाच हवं, फक्त ते नायट्रोजन ऑक्साइडांवर. आणि ती ऑक्साइडं तर मोटारी, ट्रक आणि वीजकेंद्रांतूनच येतात. झाडाने दुपारभर आयसोप्रीन सोडलं आणि हवेत नायट्रिक ऑक्साइड नसेल, तर पेरॉक्सी मूलकं एकमेकांत विझून पेरॉक्साइडं बनतात आणि ओझोन वाढत नाही. अ‍ॅमेझॉनच्या दुर्गम भागांत आयसोप्रीन अटलांटाहून कमी नाही, तरी तिथे धुरकं होत नाही.

पानापासून जंगलापर्यंत

आक्षेप रास्तही होते. सर्वांत मोठा आक्षेप आकड्यांवर होता. झाडांचं उत्सर्जन मोजायची रूढ पद्धत म्हणजे फांदीवर टेफ्लॉनची पारदर्शक पिशवी चढवायची, एका बाजूने स्वच्छ हवा सोडायची, दुसऱ्या बाजूने येणारी हवा डब्यात भरून गॅस क्रोमॅटोग्राफ या वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राला द्यायची. यात हात जपून चालवावा लागतो. पाइनची फांदी पिशवीत घालताना सुया दुमडल्या तर राळेच्या नलिका फुटतात आणि मोनोटर्पीनचा आकडा खोटाच फुगतो. ओकच्या फांदीत वेगळी अडचण. तिच्यावरची काही पानं उन्हात असतात, काही एकमेकांच्या सावलीत. अख्ख्या फांदीचा मिळून आकडा काढला तर सावलीतली पानं सरासरी खाली ओढतात, आणि तोच आकडा ‘भर उन्हातल्या पानाचा’ म्हणून वापरला की जंगलाचं उत्सर्जन कमी भरतं.

नेमकं हेच झालं होतं. ईपीएने नैसर्गिक उत्सर्जनासाठी बीईआयएस नावाची प्रणाली तयार केली. ख्रिस जेरॉन, ग्युंथर आणि टॉम पिअर्स यांनी १९९४ मध्ये एकेका पानावरची मोजमापं, झाडांच्या जातीनुसार वेगळे आकडे आणि झाडांच्या पानोऱ्यातली ऊन-सावली धरून ती सुधारली, तेव्हा पूर्व अमेरिकेच्या जंगलांतलं आयसोप्रीन अनेक पटींनी वाढलं. टेनेसीतल्या ओक रिज इथे जंगलाच्या माथ्यावर मनोऱ्यावरून वर जाणारा प्रवाह मोजला गेला, तो या नव्या, मोठ्या आकड्यांना धरून होता. म्हणजे १९८८च्या लेखात झाडांचा वाटा जास्त सांगितला असेल अशी शंका घेणाऱ्यांना उत्तर मिळालं ते उलट्या दिशेने.

मात्र सगळं अपयश झाडांच्या माथी मारणंही चूक ठरेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने जॉन साइनफेल्ड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल १९९१ मध्ये आला. त्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी होत्या. एक, नैसर्गिक हायड्रोकार्बन धरल्याशिवाय ओझोनची योजना आखता येणार नाही आणि अनेक भागांत नायट्रोजन ऑक्साइडांवर नियंत्रण लागेल. दोन, मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बनही सरकारी नोंदींत दोन ते चार पटींनी कमी दाखवले गेले असावेत. चाचणीच्या खोलीतली गाडी आणि रस्त्यावरची जुनी, नादुरुस्त गाडी यांत तेवढं अंतर होतं. हे दोन्ही दोष एकाच दिशेचे होते. दोन्हींमुळे हायड्रोकार्बन कमी आहेत आणि ते थोडे घटवले की काम होईल, असं चित्र उभं राहत होतं.

झाडं तोडली असती तर?

हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला पाहिजे होता, आणि विचारला गेलाही. अटलांटा त्या वर्षांत झपाट्याने पसरत होतं. जंगल जाऊन वस्त्या आणि वाहनतळ होत होते. एका अर्थाने प्रयोग चालूच होता. १९९० मध्ये कार्लोस कार्डेलिनो आणि चमायडिस यांनी त्याचा हिशेब मांडला. झाडं कमी झाली की त्यांचं उत्सर्जन घटतं हे उघड. पण झाडं गेली की शहर तापतं, आणि तापलेल्या शहरात उरलेली झाडं जास्त आयसोप्रीन सोडतात. वर सांगितलेल्या सूत्राने पाहिलं तर ३० अंशांवरून पान ३२ वर गेलं की उत्सर्जन जवळपास पावपट वाढतं. त्यामुळे गेलेल्या झाडांची घट उरलेली झाडं भरून काढतात. शिवाय उष्णतेने पेट्रोलच्या टाक्यांतून वाफा जास्त निघतात, ओझोनचं रसायनही वेग घेतं. झाडं तोडून ओझोन घटवायला निघालेल्या शहराच्या पदरात उष्णता पडेल आणि ओझोन होता तिथेच राहील. माझ्या मते १९८८च्या लेखाइतकाच हा अभ्यास महत्त्वाचा आहे.

ऑलिंपिकचे सतरा दिवस

१९९६ मध्ये अटलांटात ऑलिंपिक भरलं. १९ जुलै ते ४ ऑगस्ट या काळात शहराने बसगाड्या वाढवल्या, मध्यवर्ती भागात खासगी गाड्यांना मज्जाव केला, लोकांना घरून काम करायला सांगितलं. झाडं होती तिथेच होती, उन्हाळाही होता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आधीच्या आणि नंतरच्या चार-चार आठवड्यांच्या तुलनेत सकाळच्या गर्दीच्या वेळची वाहतूक २२.५ टक्के घटली आणि ओझोनची रोजची कमाल पातळी ८१.३ वरून ५८.६ पीपीबीवर आली. दम्यासाठी तातडीने उपचार घ्यावे लागणाऱ्या मुलांची संख्याही कमी दिसली.

हे उदाहरण फार ठिकाणी सांगितलं जातं, आणि बहुतेक वेळा इथेच थांबतं. पुढच्या तपासणीत असं आढळलं की त्याच दिवसांत आग्नेय अमेरिकेतल्या इतर शहरांतही ओझोन उतरला होता, म्हणजे हवामानाचा हात मोठा होता. दम्याच्या घटीचा पुरावाही ठाम राहिला नाही. वाहतूक कमी केल्याचा फायदा झाला नाही असं यातून निघत नाही. पण सतरा दिवसांच्या आकड्यांतून हवामान आणि वाहनं वेगळी करणं अवघड आहे.

वळण

खरा पुरावा दशकांच्या अंतराने आला. १९९०च्या दुरुस्तीने स्वच्छ हवा कायद्यात ओझोनसाठी नायट्रोजन ऑक्साइडांवर नियंत्रण आणण्याची तरतूद स्पष्टपणे आली. १९९८ मध्ये ईपीएने पूर्वेकडच्या राज्यांना एकत्रितपणे नायट्रोजन ऑक्साइडं घटवण्याचा आदेश काढला, कारण ओझोन राज्यांच्या सीमा ओलांडून वाहत येतो. मोटारींचे कन्व्हर्टर सुधारले आणि पेट्रोलमधलं गंधक कमी झाल्याने ते नीट चालू लागले. अटलांटाभोवतीच्या कोळशावर चालणाऱ्या मोठ्या वीजकेंद्रांत २०००च्या दशकात धुराच्या वाटेवर अमोनिया सोडून उत्प्रेरकाच्या साहाय्याने नायट्रोजन ऑक्साइडांचा साधा नायट्रोजन करणारी संयंत्रं बसली.

२००५ मध्ये अटलांटाने १२० पीपीबीची ती जुनी मर्यादा अधिकृतपणे गाठली. १९८७ची मुदत उलटून तोवर १७ वर्षं झाली होती. एव्हाना मर्यादाच बदलली होती. १९९७ मध्ये आठ तासांच्या सरासरीला ८० पीपीबी, २००८ मध्ये ७५, २०१५ मध्ये ७०. अटलांटाने या मर्यादाही एकामागून एक गाठल्या, आणि ७०च्या मर्यादेत बसणारं शहर म्हणून २०२२ मध्ये त्याची नोंद झाली. एवढ्या वर्षांत शहराची लोकसंख्या कितीतरी वाढली, आणि झाडं अजूनही प्रत्येक उन्हाळ्यात आयसोप्रीन सोडतात.

दरम्यान आयसोप्रीनचं आणखी एक काम उघडकीला आलं. ते ओझोनच बनवतं असं नाही. त्याची ऑक्सिडीकरण झालेली रूपं सूक्ष्म कणांतही उतरतात. अ‍ॅमेझॉनमधल्या कणांत त्याच्या खुणा २००४ मध्ये सापडल्या. २०१३च्या उन्हाळ्यात अलाबामातल्या सेंटरव्हिल इथे मोठी मोजणी मोहीम झाली, आणि जॉर्जिया टेकच्या न्गा ली एन्ग यांच्या गटाने दाखवलं की आग्नेय अमेरिकेत आयसोप्रीनपासून बनणाऱ्या कणांचं प्रमाण सल्फेटशी बांधलेलं आहे. सल्फेट येतं मुख्यतः कोळशाच्या धुरातल्या सल्फर डायऑक्साइडमधून. म्हणजे इथेही कार्बन झाडाचा आणि कळ माणसाच्या हातात.

लागवडीचा प्रश्न

हे प्रकरण वाचल्यावर शहरात झाडं लावणारे विचारतात, मग ओक टाळावा का? कमी आयसोप्रीन सोडणाऱ्या झाडांच्या याद्या तयार झाल्या आहेत. त्यांत मेपलसारखी झाडं वरच्या क्रमांकावर येतात, तर ओक, पॉपलर, विलो आणि स्वीटगम खाली जातात. ज्या शहरात नायट्रोजन ऑक्साइडं अजून भरपूर आहेत आणि हजारोंनी नवी लागवड करायची आहे, तिथे ही यादी हाताशी असावी. तिथे आयसोप्रीनच्या प्रत्येक जादा रेणूचा ओझोन होऊ शकतो. पण अटलांटासारख्या, आधीच जंगलाने वेढलेल्या शहरात रस्त्याच्या कडेच्या दोनशे ओकच्या जागी दोनशे मेपल लावल्याने ओझोनच्या आकड्यात काही दिसणार नाही. तिथे एका जातीकडे मात्र जरूर लक्ष द्यावं: कुडझू. आग्नेय अमेरिकेत फोफावलेली ही परदेशी वेल आयसोप्रीन सोडतेच, शिवाय शेंगवर्गीय असल्याने मुळांशी नायट्रोजन बांधते. जॉर्जियातल्या कुडझूने व्यापलेल्या जमिनींतून नायट्रिक ऑक्साइडचं उत्सर्जन दुपटीहून जास्त झाल्याचं २०१०च्या अभ्यासात आढळलं. ओझोनचा कच्चा माल दोन्ही बाजूंनी पुरवणारी ही एक वनस्पती आहे, आणि ती उपटण्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको.